बदलनोंदीतली गाळलेली ओळ

१

फ्रीझर शनिवारी कधीतरी बंद पडला होता. सोमवारी सकाळी परिचारिकेनं दार उघडलं तेव्हा बाटल्यांतलं सगळं दूध वितळून आंबलेलं. आईचं दूध. चेक देशात व्हिसोचिना भागातल्या एका जिल्हा रुग्णालयाची ती दूधपेढी. ज्या बायकांना भरपूर येतं त्या आणून देतात, आणि दिवस भरायच्या आत जन्मलेल्या पोरांना ते थेंब थेंब पाजतात. सगळं दूध मोरीत ओतावं लागलं. वॉर्डातली पोरं रुग्णवाहिकेतून घाईघाईनं ब्रनोला हलवली. ती वाचली, हे नशीब.

फ्रीझर बंद पडला यात काही नवल नाही, यंत्रच ते. नवल हे की फ्रीझर गरम व्हायला लागला की चार माणसांच्या फोनवर बोंब मारणारा एक सर्व्हर तिथे बसवलेला होता. तो चालू होता, ठणठणीत होता, आणि त्यानं अवाक्षर काढलं नव्हतं.

त्या सर्व्हरवर लिपा होती. लिपा म्हणजे ब्रनोतल्या एका छोट्या संस्थेची लिनक्स संगणकप्रणाली. जगभरातली हजारो सॉफ्टवेअरं गोळा करायची, एकमेकांशी जुळवायची, एकेकाचं पॅकेज बांधायचं आणि लोकांना फुकट द्यायची, असा हा उद्योग. बाहेरून हातभार लावणारे पुष्कळ, पण पगारावर माणसं तीन. सप्टेंबरपर्यंत चार होती.

"तूच बघ हे," संस्थेचा प्रमुख दालिबोर म्हणाला, आणि रुग्णालयाची तक्रार त्यानं ब्लांकाच्या टेबलावर सरकवली.

"मी?"

"मग कोण? मी सही करणारा. राडिमचा प्रोग्रामच त्यात गुंतलाय. उरलीस कोण?"

"दालिबोर, बोंब मारणारं ते ‘इशारा’ पॅकेज ओटाकारचं आहे. आणि मी त्याची..."

"होतीस," दालिबोर म्हणाला. "घटस्फोटाला जमाना झाला. नियमात बसतं, मी बघितलंय."

ब्लांकाला राग यायला हवा होता. आला नाही. ओटाकार सप्टेंबरात गेला. मेंदूत गाठ होती, ते तिला शेवटच्या आठवड्यात कळलं, तेही ऑफिसच्या निरोपातून. अंत्यविधीला ती मागच्या रांगेत बसली. पुढच्या रांगेत त्याची बहीण होती. घटस्फोट घेतलेल्या बायकोनं कुठे बसायचं हे कुणी ठरवून ठेवलेलं नसतं. तेव्हापासून तिला ना रडू येई, ना धड भूक लागे. दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल जसा आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. ती काम करायची, घरी जायची, सूप गरम करायची आणि ते तसंच ठेवून झोपायची.

"साधी गोष्ट आहे," दालिबोर सांगत होता. "नव्या आवृत्तीत इशारा पॅकेजला जुन्या सेटिंग कळत नाहीत. आधी सेटिंग बदलायच्या, मग अपडेट घ्यायचं. नाही केलं तर ते मुकं होतं. आता हे बदलनोंदीत लिहिलेलं असेल, तर त्या रुग्णालयातल्या बाईनं वाचलं नाही, आणि तिची नोकरी जाते. वर निष्काळजीपणाची चौकशी. लिहिलेलं नसेल, तर ओटाकारची चूक. मेलेल्या माणसाची नोकरी जात नाही. तेव्हा नसलेलंच बरं, काय?"

ब्लांकानं इशाराची बदलनोंद उघडली. प्रत्येक पॅकेजला अशी नोंद असते: अमुक आवृत्ती, अमुक माणूस, अमुक बदल. लोक ती वाचून अपडेट घ्यायचं की थांबायचं ते ठरवतात.

नव्या आवृत्तीपुढे कोरं होतं. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही.

आणि ओटाकार तर असा माणूस, की गरम किटलीवरसुद्धा सूचना चिकटवून ठेवायचा.

२

रोमाना वाशिनोवा रुग्णालयाचे सगळे सर्व्हर एकटी सांभाळायची. आता निलंबित होती, त्यामुळे आत जायची बंदी. ती ब्लांकाला समोरच्या खानावळीत भेटली. पन्नाशीची, ठेंगणी, आवाज मोठा. पुढ्यातलं कोबीचं सूप निवून गेलं तरी तिनं चमचा उचलला नव्हता.

"तुम्ही तरी खरं सांगा बाई," ती म्हणाली. "मला सगळे विचारतायत, नोंद वाचली का? अहो, वाचायला काही हवं ना! मी दर वेळी वाचते. अपडेट आलं की आधी चष्मा, मग नोंद, मग बटण. यावेळी कोरं होतं."

"कोरं दिसलं तेव्हा काय वाटलं?"

"काय वाटायचं? कोरं म्हणजे नुसती पुनर्बांधणी. पॅकेज तेच, फक्त पुन्हा बांधलं. तुमचीच रीत आहे ना ती? का आता तीही माझीच चूक?"

रीत खरीच तशी होती. लिपा वापरणारा कुठलाही माणूस कोऱ्या जागेचा तोच अर्थ लावतो. चुकीची नोंद असती तर कुणीतरी बोट ठेवलं असतं. कोऱ्यावर कोण बोट ठेवणार?

"ओटाकारच्या नोंदी मला पाठ आहेत," रोमाना म्हणाली. "आम्ही कधी भेटलो नाही, पण माणूस कळायचा. धोक्याचं काही असलं की पहिला शब्द ‘थांबा’. एकदा तर लिहिलं होतं, ‘थांबा. आधी कॉफी करून घ्या, मग खालचं शेवटपर्यंत वाचा.’ मी खरंच करून घेतली होती. त्यांनी ‘थांबा’ म्हटलं असतं तर मी थांबले नसते का?"

"तुम्ही थांबला असतात," ब्लांका म्हणाली.

"मग हे तुमच्या अहवालात लिहा. माझ्या सांगण्याला कोण विचारतंय! वरचे म्हणतात, नोंद होती, तू आता पुसून दाखवतेयस." तिचा आवाज एकदम खाली आला. "तीन आया येऊन विचारून गेल्या, आमच्या दुधाचं काय झालं. त्यातल्या एकीचं बाळ तर आधीच गेलं होतं. तरी ती दूध आणून देत होती. तिला काय सांगायचं मी?"

ब्लांकाला तिचा हात धरावासा वाटला. म्हणजे आपण तो धरायला हवा, एवढं कळलं. हात मात्र टेबलाखालीच राहिला. बसनं परत येताना तिनं एकच गोष्ट मनात पक्की केली. ही बाई खोटं बोलत नाही. मग खापर ओटाकारच्या डोक्यावर फुटणार, आणि ते तिला स्वतःच्या हातानं फोडावं लागणार.

३

पण बदलनोंद ही नुसती दर्शनी बाजू. तिच्यामागे मूळ भांडार असतं. कोडमध्ये कुणी इवलासा बदल केला तरी त्याला एक चिठ्ठी जोडावी लागते: काय केलं, का केलं. पूर्वी पॅकेज सांभाळणारा माणूस या चिठ्ठ्या बाजूला ठेवून लोकांसाठी वेगळी बदलनोंद हातानं लिहायचा. मग राडिमनं एक प्रोग्राम लिहिला. तो चिठ्ठ्या उचलतो आणि त्यांचीच बदलनोंद करून टाकतो. सगळे त्याला कारकून म्हणायचे.

तेव्हा ओटाकारनं सभेत रान उठवलं होतं. "काय बदललं ते तुझा कारकून सांगेल," तो ओरडला होता. "वाचणाऱ्यानं काय करायचं ते कोण सांगणार? तुझा बाप?" राडिम त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान, पण तोही ऐकणारा नव्हता. "तुम्हाला टंकलेखन सुटत नाही एवढंच, आजोबा," तो म्हणाला होता. कारकून आला. ओटाकार कुरकुरत राहिला आणि आपल्या चिठ्ठ्याच नोंदीसारख्या नीट लिहायला लागला.

त्याच्या शेवटच्या बदलाची चिठ्ठी ब्लांकानं भांडारातून काढली. पहिलाच शब्द होता ‘थांबा’. खाली स्वच्छ लिहिलेलं: जुन्या सेटिंग चालणार नाहीत, आधी अमुक करा, नाहीतर इशारा मुका होईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

त्यानं लिहिलं होतं. ती खुर्चीत मागे टेकली. बरं वाटायला हवं होतं.

मग तिला चिठ्ठीच्या अगदी तळाशी, फिकट अक्षरांत, एकटीच उभी असलेली एक खूण दिसली. ‘गप्प’. ही कारकुनासाठीची खूण. किरकोळ दुरुस्ती असली, एखादा स्वल्पविराम वगैरे, तर चिठ्ठीत गप्प टाकायचं, म्हणजे कारकून ती चिठ्ठी सोडून देतो आणि लोकांना उगाच कचरा वाचावा लागत नाही.

"झालं तर मग!" दालिबोर तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला. "वर थांबा, खाली गप्प. त्यानं स्वतःच तोंड बंद केलं. आजारी माणूस, डोकं ठिकाणावर नसेल. लिही तसं."

"घाई काय आहे?"

"घाई? अगं, आपल्यावरून स्वतःची आवृत्ती काढणाऱ्या चार संस्था आहेत. त्यांच्याही लोकांचे इशारे मुके झालेत. स्लोव्हाकियात एका शाळेचा बॉयलर गोठला. सगळे मला फोन करतायत. तुला नाही करत."

तो गेल्यावर ब्लांका राडिमच्या टेबलाशी गेली. त्यानं मान वर केली नाही.

"कारकुनानं ही नोंद गाळली," ती म्हणाली.

"त्याला गप्प सांगितलं की तो गप्प बसतो. चिठ्ठीवर नाव ओटाकारचं आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

ती वळली. तेवढ्यात तो मागून म्हणाला, "ब्लांका. एक कर. चूक यंत्राची होती असं लिही. कारकून बिघडला. मी सही करतो."

ती जागच्या जागी उभी राहिली. ज्या राडिमनं कारकुनाविरुद्ध शब्द काढणाऱ्याला आजवर ओरबाडून काढलं होतं, तो आज आपणहून त्याच कारकुनाच्या कानाखाली वाजवायला निघाला होता.

४

त्या दिवशी मृतांचा सण होता. दुपारनंतर ऑफिस रिकामं झालं, सगळे मेणबत्त्या घेऊन आपापल्या माणसांच्या थडग्यांवर. ब्लांका गेली नाही. तिथे त्याची बहीण असणार. ती एकटीच बसून विचार करत राहिली, आणि विचार तेवढा तिला अजून नीट जमत होता.

थांबा आणि गप्प हे दोन शब्द एका माणसाच्या एका मनातून एका वेळी येत नाहीत. जगाला ओरडून सांगायचं असलेला माणूस खाली तोंडावर बोट ठेवत नाही. म्हणजे ती खूण या चिठ्ठीची नव्हतीच. ती दुसऱ्या कुठल्यातरी चिठ्ठीची होती, आणि त्या चिठ्ठीचा मजकूर आता तिथे नव्हता.

दोन चिठ्ठ्या एकात कशा येतात? गठ्ठा बांधला की येतात. दहा बारीक बदल कुणी एकत्र बांधले, की भांडार सगळ्या चिठ्ठ्या एकाखाली एक चिकटवून त्यांची एक लांबलचक चिठ्ठी करतं. वर नाव मूळ माणसाचंच राहतं. बांधणाऱ्याच्या जागी मात्र माणसाचं नाव येत नाही, भांडाराचं येतं. आणि कारकुनाला गठ्ठ्यात कुठेही एक गप्प दिसला की तो अख्खा गठ्ठा सोडून देतो.

तिनं ओटाकारचं मागचं सगळं काम उलटं चाळलं. आयुष्यभर त्यानं गठ्ठा बांधला नव्हता. "गठ्ठा बांधणाऱ्याला काहीतरी झाकायचं असतं," असं तो नव्या मुलांना खडसावायचा. त्याचे बदल नेहमी सुटे, एकेका ओळीचे. आणि जुलैपासून पुढे? गठ्ठा, गठ्ठा, गठ्ठा. एकही सुटा नाही.

गठ्ठा बांधायचा हक्क इशारापुरता दोघांनाच होता. एक ओटाकार. दुसरा राडिम.

म्हणजे उन्हाळाभर राडिम त्याच्या पाठीमागे त्याचं काम बांधत होता आणि त्यातल्या काही चिठ्ठ्या पुसत होता. कशासाठी? जुना दावा? म्हाताऱ्याचं काम पुसून त्याला निकामी ठरवायचं? ब्लांकाला हे पटेना, पण दुसरं सुचेना.

खात्री करायला एकच जागा होती. भांडारातली सुटी प्रत पुसली तरी लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर मूळ चिठ्ठ्या जशाच्या तशा राहतात. ओटाकारचा संगणक अजून त्याच्या टेबलाखाली होता. कुणाचाच हात धजावला नव्हता.

ती उठून त्याच्या कोपऱ्यात गेली आणि खाली वाकली.

टेबलाखाली धुळीत एक चौकोन तेवढा स्वच्छ होता. संगणक नव्हता.

५

ब्रनोतल्याच लिशेनच्या वरच्या अंगाला राडिमची छोटी बाग होती, भाड्यानं घेतलेला तुकडा आणि त्यावर अवजारांची खोली. मोकळा वेळ मिळाला की तो तिथेच असायचा. त्याच दुपारी उशिरा ब्लांका फाटकातून आत गेली तेव्हा तो पालापाचोळा ओढत होता. तिला बघून त्यानं दाताळं खाली ठेवलं आणि काही न विचारता खोलीचं दार उघडलं. संगणक आत होता, बटाट्याच्या पोत्याशेजारी, चादरीत गुंडाळलेला.

"फोडून टाकणार होतो," तो म्हणाला. "हात झाला नाही."

"काय लपवत होतास त्याचं?"

"बस आधी."

"उभी आहे ते ठीक आहे."

"जूनपासून त्याला शब्द सापडेनात," राडिम म्हणाला. "तो एक ओळ लिहायचा, मोडायचा, पुन्हा लिहायचा. एका स्वल्पविरामासाठी पंधरा चिठ्ठ्या. एकदा मला विचारलं, मी काल हे केलं का? मी म्हटलं डॉक्टरकडे चल. तर म्हणे जाऊन आलो, गाठ आहे. कुणाला सांगशील तर बघ. काम सोडलं तर मी घरी बसून भिंतीशी बोलू? मग मी रोज संध्याकाळी त्याचे तुकडे गोळा करायचो आणि गठ्ठा बांधायचो, म्हणजे कुणाला त्याची धडपड दिसायला नको. काम त्याचं चोख होतं, ब्लांका. शेवटपर्यंत. फक्त वाट फार वाकडी व्हायची."

"तुम्ही तर एकमेकांचं तोंड बघत नव्हता."

"भांडायचो. रोज भांडायचो. तुला काय वाटतं, लोक ज्याच्याशी रोज भांडतात त्याला मरू देतात?" तो खाली बसला. "कारकून आल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. पूर्वी चिठ्ठी म्हणजे आपापसातली कुजबुज. आता जे काही लिहाल ते जगभर जातं. रोजच्या रोज. आणि ओटाकार चिठ्ठ्यांत दुसरंच काही लिहायला लागला."

"काय?"

त्यानं संगणकावरची चादर सोडवायला घेतली.

"राडिम, काय लिहिलं त्यानं?"

"ते बाहेर जाऊ नये म्हणून मी त्या चिठ्ठीखाली घाईघाईनं गप्प टाकलं. मग गठ्ठा बांधताना ती ओळ पुसली. खूण पुसायची राहिली. फिकट अक्षरांत दिसते ना ती. डोळ्यांत खुपू नये म्हणून फिकट ठेवली, तीही माझीच हौस." त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "दुधाची बातमी आली तेव्हा मी जाऊन बघितलं, तर ती खूण तिथेच होती."

"आणि त्या बाईला बळी जाऊ देणार होतास?"

"माहीत नाही. अर्धं वचन होतं, अर्धी भीती. मी त्याला शब्द दिला होता. तो शुद्धीवर असायचा तेव्हा एकच म्हणायचा, ब्लांकाला कळू देऊ नकोस."

त्यानं संगणक जोडला, चालू केला आणि बाहेर निघून गेला.

ब्लांकानं मूळ चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. ‘थांबा’ ही नोंद त्यानं किती वेळा मोडून लिहिली होती ते तिला मोजवेना. एकात शब्द उलटसुलट, एकात अर्धं वाक्य, एकात नुसतं ‘थांबा थांबा थांबा’. हळूहळू ते वाक्य उभं राहत गेलेलं, आणि शेवटी अगदी स्वच्छ, त्याच्या नेहमीच्या वळणाचं. त्याच्या पुढची चिठ्ठी अशी होती:

‘ब्लांका, शनिवारी धरणावरच्या घरी जायचंय ना? किल्ली कुठे ठेवलीस, मला सापडत नाही. रागावू नकोस.’

धरणावरचं लाकडी घर त्यांनी वेगळं होताना विकलं होतं. तिथे आता भलत्याच कुणाची पोरं पोहतात.

तिला राग आला. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. ओटाकारचा, की त्यानं तिला सोडून सगळ्या जगात या बागवाल्या पोराला सांगितलं. राडिमचा, की त्यानं शब्द पाळला. आणि स्वतःचा, की दोन टेबलं पलीकडे बसून तिला काही दिसलं नाही, कारण ती बघतच नव्हती.

६

"सगळं टाक," राडिम दुसऱ्या दिवशी म्हणाला. त्याची मान खाली होती, पण आवाज ठाम होता. "माझं नाव टाक. खूण मी लावली, गठ्ठा मी बांधला, संगणक मी पळवला. फक्त ती ओळ गाळ."

"आणि रुग्णालयाचा वकील विचारेल, ही खूण कुठल्या चिठ्ठीची? काय सांगू?"

"सांग की खाजगी होती."

"तो म्हणेल, तुम्ही आत्ता बनवली. रोमाना म्हणत होती कोरं होतं, तर तिच्यावर कुणी विश्वास ठेवला?" ब्लांका म्हणाली. "एक ओळ गाळली म्हणून इथवर आलो, राडिम. आता मीही एक गाळू?"

"लोक हसतील त्याला."

"हसू देत."

दालिबोरनं कपाळाला हात लावला. "वेड लागलंय का तुम्हाला? त्याची बहीण आपल्याला कोर्टात खेचेल! लिही की तांत्रिक बिघाड. सगळे सुटतात. मेलेला सुटतो, जिवंत सुटतात."

"कारकुनात बिघाड नव्हता," ब्लांका म्हणाली. "त्याला जे सांगितलं ते त्यानं केलं. बिघाड लिहिला तर ती बाई सुटेलही, पण उद्या दुसऱ्या कुणाचा गठ्ठा असाच गिळला जाईल. आणि परवा पुन्हा कुणाचं तरी दूध नासेल. सही मी करते. तू नको करूस."

"तुझीच अब्रू जातेय त्यात, कळतंय का?"

"कळतंय."

त्या दिवशी इशाराची बदलनोंद तिनं कारकुनाला हात लावू न देता स्वतः लिहिली. सेटिंग काय बदलायच्या ते वर. नोंद का गायब झाली ते खाली, साध्या शब्दांत: ओटाकारनं इशारा दिला होता, राडिमनं त्याचं आजारपण झाकायला गठ्ठा बांधला, त्यात एक खूण राहून गेली, लिपाच्या रीतीप्रमाणे लोकांनी कोऱ्या जागेचा अर्थ पुनर्बांधणी असा लावला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मग मूळ चिठ्ठ्या, सगळ्या, मोडलेल्या आणि धड, ज्या क्रमानं त्यानं लिहिल्या त्याच क्रमानं. किल्लीची ओळही त्यात होती. राडिमनं ती सगळी वाचली, खाली आपली सही केली आणि मान वळवून खिडकीकडे बघत बसला. मग तिनं बटण दाबलं, आणि ते लिपा असलेल्या प्रत्येक यंत्रावर जायला निघालं.

बहिणीचा फोन आला आणि तिनं नको नको ते ऐकवलं. ब्लांकानं ऐकून घेतलं. राडिमला दालिबोरनं इशारावरून काढलं, कारकून मात्र त्याच्याचकडे ठेवला, कारण दुसऱ्या कुणाला तो कळत नव्हता. आता कारकून कोरी जागा सोडत नाही. गठ्ठ्यात गप्प दिसला की थांबतो आणि माणसाला विचारतो.

पुढच्या आठवड्यात ब्लांका सूप गरम करत होती तेव्हा रोमानाचा फोन आला.

"बाई, मिटलं!" पलीकडून तोच मोठा आवाज. "चौकशी बंद. सोमवारपासून कामावर ये म्हणाले. माफी कोण मागतंय, पण ये म्हणाले. आणि दूधपेढी पुन्हा सुरू होतेय. ती आई आली होती, मी सांगितलं होतं ना, तीच. पुन्हा देईन म्हणाली."

"बरं झालं," ब्लांका म्हणाली. "फार बरं झालं."

पलीकडे रोमाना घुटमळली. "मी ती नोंद वाचली. चष्मा लावून, शेवटपर्यंत. ती किल्लीची ओळ... त्यातली ब्लांका म्हणजे तुम्हीच का हो?"

"हो."

"अरे देवा. मला काय ठाऊक! मी आपली तुमच्यापुढे सूप घेऊन रडगाणं गात बसले. तुम्ही त्यांच्या कोण, बाई?"

कागदोपत्री उत्तर सोपं होतं, पूर्वीची बायको, आणि ते देताना तिची जीभ आजवर कधी अडखळली नव्हती.

"बायको," ब्लांका म्हणाली, आणि मग तिला असं रडू कोसळलं की पलीकडची बाई कितीतरी वेळ नुसती "आहे मी, आहे मी" म्हणत फोन धरून बसली.